लघवीचा डबा मांडीवर घेणारी प्रणाली

दवाखान्यातून कॉलेजच्या प्रयोगशाळेत येताना प्रणाली बर्फाचा डबा मांडीवर घेऊन ऑटोत बसायची. ऑटोवाल्याने विचारलं, "ताई, मासे हायेत का?" तर ती शांतपणे म्हणायची, "लघवी आहे, भाऊ. हळू चालवा." मी शरमेने बाहेर बघायचे.

ती ढाणकीची, मी पुसदजवळच्या खेड्यातली. दोघींच्याही घरात आधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. म्हणूनच तिचा हेवा जास्त वाटायचा. ती शहरातली असती, तर मनाला काही कारण तरी सांगता आलं असतं.

मूत्राशयाच्या कर्करोगाची खूण सांगणारं एखादं प्रथिन लघवीत सापडतं का, हे आम्ही शोधत होतो. सापडलं, तर पुढे औषधाचा नेम त्यावरच धरता येईल, असं प्रयोगशाळेतले आमचे सर म्हणायचे. पुढच्या कामासाठी नागपूरच्या प्रयोगशाळेत दोघींपैकी एकीलाच जायचं होतं. कर्करोगाचे नमुने तिच्याकडे होते, तुलनेसाठी मुतखड्याचे माझ्याकडे. नमुन्यातली प्रथिनं जेलीच्या पातळ थरात रेघांसारखी वेगळी होतात; तिच्या जेलवर एक जाड रेघ यायची. सर खूश होते. मी रात्रंदिवस जळत होते.

एकदा तीच रेघ माझ्या जेलवर आली. मुतखड्याच्या रुग्णात ती कशी येईल? माझाच हात चुकला असेल, तिचा नमुना माझ्या जेलच्या खाचेत पडला असेल, असं वाटलं. मी गुपचूप जेल फेकून दिलं.

महिन्याभराने प्रणालीच सरांना म्हणाली, "सर, या पेशंट काकाइच्या लघवीत रक्त होतं. रेघ रक्ताची तं नसंल?"

सरांचा चेहरा उतरला. मी तिला कोपराने ढोसलं. "काहून बोलली वं? तुहंच काम बुडंल ना!"

"इचारलं तं काय जीभ झिजते का?" हे तिचं नेहमीचं वाक्य.

तिने माझ्याकडचे रक्त असलेले नमुने घेऊन तपासले. प्रत्येकात तीच रेघ आली. चार महिन्यांचं काम तिने स्वतःच्या हाताने पुसलं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पण सर म्हणाले, "नागपूरला प्रणाली जाईल."

एसटी स्टँडवर मला राहवलं नाही. "ते रेघ मले आधीच दिसली होती. वाटलं, मीच चुकली. फेकून देल्लं."

ती खेकसली. "बयताड! माह्या आधी तुह्या हातात होतं ना! आता काही आलं तं फेकू नको. मले फोन कर पह्यले."

आता डबा माझ्या मांडीवर असतो. परवा कर्करोगाच्या, पण रक्त नसलेल्या एका नमुन्यात अनोळखी रेघ आली. आधी तेच वाटलं, हात चुकला. तरी फोटो काढला, त्यावर तारीख घातली. आणि प्रणालीला फोन करायच्या आधी सरांच्या केबिनचं दार वाजवलं.