बापूंच्या दोन काड्या

आमच्या गल्लीतला धम्मपाल मोबाईलच्या टॉवरचं काम करतो. वर चढत न्हाय हां, त्याला चक्कर येती. माझ्या कट्ट्यावर बसून लॅपटॉपवर बघतो, कुठल्या अँटिनावर फोनांची गर्दी झालीया, कुठली मोकळी हाय, आन गर्दीतले थोडे फोन मोकळीकडं ढकलतो.

मी म्हटलं, "ह्याला इंजिनियर कशाला लागतोय? आमच्या पिठाच्या गिरणीचं असंच हाय की. पलीकडची रिकामी, आन समद्या बाया हितंच."

"फोन तुमच्यासारखेच हायत, मावशी. जवळचं सुटत न्हाय."

यंदा दिवाळीच्या पाडव्याला गल्लीत म्हशी पळवायच्या होत्या. शिंगं रंगवलेल्या म्हशी, आन बघणारा प्रत्येक जण फोन वर धरून लाईव्ह. त्यात चारला शेजारच्या राजमतीवैनींच्या आदितीची नोकरीची मुलाखत, व्हिडिओवर. परदेशातली कंपनी, त्यांना कुठला पाडवा? साडेतीनलाच पोरीच्या स्क्रीनवर नुसतं चाक फिरायला लागलं. तोंड एवढंसं झालं तिचं.

धम्मपालची त्या दिवशी पण ड्युटी होती. त्यानं बघितलं, तर गल्लीकडं तोंड केलेली अँटिना तुडुंब, लांबच्या टॉवरची निम्मी मोकळी. गल्लीतले निम्मे फोन त्यानं तिकडं लावून दिले. आदितीचं चाक थांबलं.

तोवर आकारामबापू आले. म्हशींचा समदा कार्यक्रम त्यांच्याच हातात.

"धम्म्या, माझ्या चार काड्या होत्या रेंजच्या. दोनच राहिल्या. कुठं गेल्या?"

"टॉवर लांबचा हाय, बापू. पण तिथं गर्दी न्हाय, व्हिडिओ पळतोय बघा."

"व्हिडिओ गेला खड्ड्यात. काड्या परत दे."

चारला सात मिनटं. धम्मपाल गरीब गाय, समदे फोन परत आणायला त्याचा हात निघालाच होता. मी लॅपटॉप ओढून मांडीवर घेतला.

"बापू, गडहिंग्लजला आक्काताईंना तुमची राणी म्हैस दाखवली का न्हाय अजून?"

बहिणीचं नाव काढल्यावर बापूंनी व्हिडिओ कॉल लावला. आक्काताईंनी म्हैस बघितली आन तिथनंच हाणलं, "दादा, डाव्या शिंगाचा बुडका रंगवायचा ऱ्हायलाय की. डोळं फुटलं का तुझं?"

बापू रंगाचा डबा हुडकत पळाले.

पाचला आदिती बाहेर आली. पहिल्या तारखेपासून कामाला. वैनींनी चकल्यांचं ताटच धम्मपालपुढं ठेवलं. त्यानं एका हातानं चकली खात फोन परत जवळच्या अँटिनावर आणले.

बापूंच्या फोनवर राणी एक पाय वर धरून तशीच थांबली. पण काड्या चार झालत्या. बापू समद्यांना दाखवत फिरत होते.