तासभर थांबा

रायडिंग स्कूलच्या तबेल्यात मला सगळे ‘तासभर’ म्हणतात. चंदी खाल्लेल्या घोड्यावर कुणी खोगीर चढवायला आलं, की मी आडवा येतो. “तासभर थांबा. भरल्या पोटी पळवलं तर त्याला दम लागतो, पोटात कळा येतात.”

यात खोटं काही नाही. लोकांना वाटतं, काय या माणसाची मुक्या जिवांवर माया! घोडं कुठे पेंड खातं, ते फक्त माझ्या बायकोला ठाऊक. त्या तासात मी गवताच्या गंजीवर ताणून देतो. डबा मीही घोड्यांबरोबरच खातो, आणि त्यांच्यापेक्षा जास्त चवीनं खातो.

एकदा एक निवृत्त मुख्याध्यापिका शिकायला आल्या. पहिलाच दिवस, त्यामुळे वेळेच्या बऱ्याच आधी. तांबडी घोडी नुकतीच घमेल्यातून तोंड काढत होती. मी माझं पाठांतर म्हटलं आणि गंजीकडे वळलो.

“बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. “घोडीला विश्रांती हवीच. आणि तुम्ही कुठे निघालात?”

“मी... माझंही आत्ताच जेवण झालंय, बाई.”

“तुमच्यावर कोण बसणार आहे?”

शाळेत असताना यायचा तसाच घाम फुटला. निमूटपणे खोगीर पुसायला घेतलं. बाई गंजीला टेकून देखरेखीला बसल्या. थोड्या वेळानं मागून घोरण्याचा आवाज आला. घोडी पेंगतेय, बाई घोरताहेत, आणि जन्माचा आळशी मी एकटा जागा! झोपावं म्हटलं, तर जागा त्यांनी अडवलेली. मग दुसरं खोगीर घेतलं, लगाम घेतले, रिकिबी घासल्या.

जाग आल्यावर बाई तांबडीवर बसल्या. मी लगाम धरून घोडीला हळूहळू चालवलं. एका फेरीनंतर त्यांनी आयाळीवरची पकड सोडली आणि एखाद्या पोरीसारख्या हसल्या. मलाही उगाच बरं वाटलं.

घरी हे सांगितलं, तर बायको पोट धरून हसली. “भेटलं बाई तुम्हाला कुणीतरी!”

आता बाई रोज लवकर येतात. गंजी त्यांची, खोगिरं माझी. परवा मालकांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. “शिका याच्याकडून. जेवल्यावरसुद्धा बसत नाही!”

मी मान खाली घातली. सगळ्यांना तो विनय वाटला. खरं तर मला जांभई आली होती.