थाबांगची आई
लेसोथोच्या डोंगरातल्या त्या दवाखान्यात नर्सबाईंना सगळे माथाबांग म्हणत, म्हणजे थाबांगची आई. लग्नाच्या दिवशीच सासूने होणाऱ्या नातवाचं नाव ठरवून सुनेला चिकटवलं होतं. आमच्याकडे रीतच आहे तशी. पुढे नवरा सोन्याच्या खाणीत कामाला गेला, तो तिकडचाच झाला. थाबांग काही जन्मला नाही. नाव मात्र राहिलं.

त्या सकाळी पलीकडच्या खोऱ्यातला म्हातारा सेखोन्याना पहिल्यांदाच आला. जन्मभर खाणीत दगड फोडलेला, चार पावलांत धाप लागणारा.

"घोंगडी काढा, बाबा."

"थंडीने मारतेस की काय, पोरी?"

"खोकून मरण्यापेक्षा बरं. काढा म्हणते ना!"

तिने बोटांनी पाठ ठोकून पाहिली. उजवीकडे खाली आवाज बद्द येत होता. मग दोन्ही तळवे पाठीला टेकवून ती म्हणाली, "आता एकच शब्द मोठ्याने म्हणत राहा. कुठलाही. छातीतली थरथर माझ्या हाताला कळली पाहिजे."

बाईला बरं वाटावं म्हणून म्हातारा म्हणाला, "थाबांग. थाबांग."

डाव्या तळव्याखाली ते नाव थरथरलं. उजव्याखाली काहीच नाही. तिथे पाणी साचलं होतं.

"पोरगा आता चांगला बाप्या झाला असेल, नाही?" म्हाताऱ्याने विचारलं.

"मध्ये बोलू नका!" ती खेकसली.

तपासायचं ते तपासून झालं होतं. तरी तिने उजवा हात उचलला आणि डाव्याशेजारी ठेवला.

"नाव म्हणा, बाबा. पुन्हा म्हणा."