धाडची आंब आणि गिरजाबाईंचे पिवळे दात

परवा नातीने मोबाइलवर काहीतरी पाहून दातांना लिंबू आणि कोळसा फासला, वर लगेच कडक ब्रश मारला. त्यामुळे हे लिहायला बसले. महाराष्ट्र राज्य होऊन दहा-बारा वर्षं झाली होती, तेव्हा अशाच घासण्यापायी मी बुलढाण्याजवळच्या धाड गावी गेले होते.

माझी कॉलेजची मैत्रीण मालती अकोल्यात दातांची डॉक्टर होती. धाडच्या सुभद्राबाई तिला दात दाखवून गेल्या होत्या. पुढचे दात झिजून कागदासारखे झालेले. मालती म्हणाली, "तू रसायनशास्त्र शिकलीस ना? मग जाऊन बघ या बाईच्या तोंडात काय जातं ते. झीज थांबली नाही तर चाळिशीच्या आत बोळकं होईल."

खामगाव, चिखली करत एसटीने बुलढाणा, तिथून धाड. अख्खा दिवस गेला. जायचं तर पौषात जा आणि स्वेटर दोन घ्या. अकोल्याच्या माणसाला इकडच्या थंडीचा अंदाज नसतो.

संध्याकाळी सुभद्राबाईंकडे ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा. त्या स्वतः भाकरी दुधात कुस्करून खात होत्या. त्यांची धाकटी जाऊ गिरजाबाई मात्र भाकरीचा करपलेला पापुद्रा कडाकडा चावत होती. तिचे दात पिवळे-तपकिरी, डागाळलेले. मी पाहतेय हे तिला कळलं.

"पाहून घ्या बाई," ती हसली. "लग्नात सासू म्हने, सून आनली का हळकुंड?"

"अन् मह्ये मोत्यावानी होते," सुभद्राबाई म्हणाल्या. "आता थंडं पानी लागलं का मस्तकात कळ जाते. उरले ते वाचतीन का वो बाई?"

मी वही काढून दोघींचे दात टिपून घेतले.

दोघींनी संध्याकाळीच हरभऱ्यावर जुनं धोतर अंथरलं होतं. पहाटे ते दवाने ओलंचिंब झालं. हरभऱ्याच्या पानांवरचा आंबट अंश त्यात उतरतो, ती आंब. पोटदुखीवर लोक लांबून मागायला येतात. मी बोट चाटलं, जीभ आकसली. पिळताना धोतराचं एक टोक दातांत धरायचं आणि दोन्ही हातांनी पीळ द्यायचा, अशी इथली रीत. म्हणजे आंब थेट दातांवरून वाहते. घरी येताच सुभद्राबाईंनी आंबटपणा जावा म्हणून राखुंडी घेऊन खसाखसा दात घासले.

"तुम्ही नाही घासत?" मी गिरजाबाईंना विचारलं.

"छ्या! मी शेतात जायच्या आधीच बाभळीची काडी चावतो. मंग नुसती चूळ. अन् हा रंग माहेरचा हाये, लोणारकडचा. त्या विहिरीचं पानी पेलेले सारे असेच."

मी सोबत नेलेली फ्लोराइडची पेस्ट सुभद्राबाईंना दिली, राखुंडी बंद करायला लावली आणि बजावलं, "आंब पिळली की लगेच याने घासायचं." मोठ्या ऐटीत परतले.

"लगेच?" मालती कडाडली. "आंबटाने मऊ पडलेला दात घासायला सांगून आलीस?" मग तिने समजावलं. विहिरीतल्या फ्लोराइडने गिरजाबाईंचे दात कठीण झाले असावेत आणि बाभळीच्या तुरट रसाचा थर वरून राखण करत असावा. तर्कच, तपासायचा राहिलेला. तसलं पाणी मुद्दाम पिऊ नये, त्याने हाडं वाकतात.

त्याच दुपारी पोस्टकार्ड टाकलं: आधी बाभळीची काडी. धोतराचं टोक झाडाला बांधा. मग चूळ. पेस्ट तासाभराने.

पुढच्या पौषात कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं उत्तर आलं: "कळ कमी हाये. गेले ते गेले, उरले ते हायेत." न विचारता हुकूम सोडायची माझी सवय तेव्हापासून जरा कमी झाली. नातीला विचारा.

त्या प्रवासाच्या वहीतली शेवटची नोंद:

मालतीकडे सुपूर्द: आंब, एक बाटली. बाभळीची साल, एक पुडी. सुभद्राबाईंचा पडलेला दात, एक. कडेने आरपार दिसणारा. गिरजाबाईंचा दात: मिळाला नाही. अजून एकही पडलेला नाही.