काठाची चिंधी

जोतीरामनं लग्न का केलं नाही, असं कुणी विचारलं की गावकरी हसून सांगायचे, "त्याचं लगीन बैलासंगं झालंय." जोतीरामही हसायचा. लोकांचा तो समज त्याच्या सोयीचाच होता.

खरं एवढंच, की वडूजकडच्या मेंढपाळ घरातल्या या गड्याचा जीव मालकिणीवर होता. राजनंदिनी वहिनीसाहेब म्हणजे फलटणच्या बागायतदारांची सून, सुभेदारांची बायको. त्या त्याला 'जोतीदादा' म्हणत. तेवढ्या हाकेवर या शहाण्यानं सगळं तरणेपण गोठ्यात घालवलं. काही मागायचं नाही, बोलायचं नाही. त्यांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलेल्या सर्जा बैलाला छकड्याला जुंपायचं आणि शर्यत जिंकून आणायची. वेडच की, दुसरं काय!

यंदा सुट्टीवर आलेले सुभेदार चारचौघांत म्हणाले, "बाईमाणसाचा बैल. शोभेपुरताच बरा." वहिनीसाहेबांना ते लय लागलं. तडक गोठ्यात आल्या.

"जोतीदादा, वडूजचं मैदान मारायचं."

"मारायचं की," जोतीराम म्हणाला.

शर्यतीच्या सकाळी सर्जाचा पुढचा पाय हाताला गरम लागला. नडगीवर सूज होती. आज पळवला तर पाय जाणार, हे त्याला कळून चुकलं. सांगायला वळला तर वहिनीसाहेब समोर उभ्या. जुन्या साडीच्या हिरव्या काठाची चिंधी त्यांनी आपल्या हातानं सर्जाच्या शिंगाला बांधली.

"सर्जा जिंकणार असं ह्यांना तुमच्या जिवावर बोललेय मी," त्या म्हणाल्या.

त्यांच्या शब्दाला तो कधी नाही म्हणाला नव्हता. आज म्हणायला हवं होतं. त्यानं सर्जाला छकड्याला जुंपलं.

सर्जा पळाला आणि पहिला आला. निशाण ओलांडलं आणि कोसळला. हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी बघून नुसती मान हलवली.

वहिनीसाहेब जीपमधून उतरून धावत आल्या आणि सर्जाचं तोंड मांडीवर घेऊन मातीतच बसल्या.

"पाय आधीच दुखावला हुता?"

"व्हय."

"तुमाला ठावं हुतं?"

"सकाळीच कळलं."

"आवं, मग हरलो असतो! जनावरापरीस मैदान मोठं हाय का मला? का न्हाई सांगितलं?"

उत्तर एकच होतं, आणि ते या जन्मात सांगण्याजोगं नव्हतं. लोक जोतीरामच्याच अंगावर गुलाल उधळत होते.

"बोला की, जोतीदादा," त्या रडत म्हणाल्या.