खरबरीत दांडी

फटफटी मी नगरला मिलिटरीच्या लिलावातून घेतली. हिरवा रंग, टाकीला पोचे, मागच्या मडगार्डाची गंजून चाळणी झालेली. माझी शाळा चौथीत सुटली, पण श्रीरामपूरच्या आसपास कुणाच्या विहिरीवरचं इंजिन बंद पडलं की बोलावणं मलाच यायचं. त्यामुळे ती चालू करायला मला कुणाची गरज पडली नाही. रंगाचंही तसंच. पेंटरकडे टाकून ये, असं जो तो सांगायचा. मी म्हणायचो, गाडी माझी, रंग मीच देणार.

रंगाची घाई एवढ्यासाठी होती की बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी, पुणतांब्याला गेली होती. मुलगी झाली. बारशाला गेलो तेव्हा एकदा पाहिली. झोपलेली होती, कुंचीत नाक तेवढं दिसलं. सव्वा महिना झाला की दोघींना फटफटीवर घेऊन जाईन, एसटीत धक्के खायचे नाहीत, असं मी तिथंच सांगून टाकलं. त्यावर सासूबाई म्हणाल्या, पोर घेऊन बसल्यावर ही धरणार कशाला?

प्रश्न बरोबर होता. त्या काळी बाई एका बाजूला पाय सोडून बसायची आणि भर रस्त्यानं नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायची नाही. मागचं कॅरिअर धरायची. पण डाव्या हातावर पोर असल्यावर तो हात मागं कसा नेणार? म्हणून माझ्या सीटच्या मागं, तिच्या उजव्या हाताशी येईल अशी पाइपाची दांडी वाकवून घेतली. नुसती रंगवली असती तर घामानं हात सटकला असता. लिलावात मिलिटरीच्या काही पेट्या पाहिल्या होत्या, त्यांचा काळा रंग खरबरीत होता, हात लावला की धरून ठेवणारा. मला तसा पाहिजे होता. श्रीरामपूरचा पेंटर हसला. म्हणाला, "मिस्त्री, त्यो कारखान्यातला रंग. घरी व्हत न्हाई."

न व्हायला काय झालं. आधी रंगात वाळू कालवून ब्रश मारला, तर गोळे झाले. ते सगळं खरवडून काढलं. मग डासांवर मारायचा पत्र्याचा हातपंप धुऊन घेतला, त्यात काळा ऑइलपेंट टर्पेंटाइन घालून पातळ करून भरला. पहिला हात ओला आहे तोवर फडक्यातून चाळलेली नदीची बारीक वाळू वरून भुरभुरवायची. ते वाळलं की दुसरा हात, लांबून, हलका. हल्ली म्हणे डबाच मिळतो, बटण दाबलं की खरबरीत रंग बाहेर. मिळू दे.

टाकी, मडगार्ड झालं होतं. लिंबाला तारेनं दांडी टांगली होती आणि तिला दुसरा हात देत होतो, तेव्हा मेहुणा स्टँडवरून चालत आला. चपला न काढता तसाच उभा राहिला.

"दाजी, पोरगी गेली."

ताप आला, झटके आले, रातीच गेली, सकाळी नदीकडेला पुरली. तो सांगत होता आणि मी पंप मारत होतो. दांडी अर्धी झाली होती. अर्ध्यावर थांबलं की तिथं कड पडते, ती मग जात नाही. मी पुरी केली. पंप धुतला. पाणी घे म्हणालो तर मेहुणा न पिताच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं गेलो. ही आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली, बाहेर आली नाही. सासूबाईंनी सांगितलं की भावानं तिला सगळं सांगितलंय. पोरगी गेल्याचं ऐकूनही दाजी लोखंड रंगवत बसले. आता ती म्हणते, मला नांदायला जायचं नाही.

केलं ते केलं होतं. बोलून पटवायची मला सवय नाही.

घरी आलो. भाकरी खायचो, कामाला जायचो. इंजिन कानाशी चालू असायचं आणि आवाज दुसऱ्याच्या मळ्यातून आल्यासारखा वाटायचा. चार जाणती माणसं पाठवून बायको आणावी, असं भावकीतले म्हणाले. मी म्हणालो, कुणी जायचं नाही. दांडी आता लावू नको, असंही एक जण म्हणाला. भोकं पाडून ठेवली होती. लावली.

आणि एक दिवस फटफटीवर बसून पुणतांब्याला गेलो. सासूबाईंनी ओट्यावर चहा दिला. ही पाण्याची कळशी घेऊन दारातून बाहेर आली आणि गाडीपाशी थांबली. कळशी खाली ठेवली.

"ही कशाला लावली?"

"तुला धरायला. एका हातानं."

ती दांडीपाशी वाकली.

"त्या दिशी हेच रंगवीत व्हता?"

"व्हय."

तिनं दांडीवरून हात फिरवला. बोटांना रंग लागला का ते पाहिलं. म्हणाली, "खरबरीत हाय."

"घाम आला तरी हात सुटत न्हाई."

ती आत गेली. मला वाटलं, झालं. कप ठेवला, टोपी घातली, फटफटी वळवून घेतली. किक मारणार तोच ती बोचकं घेऊन बाहेर आली. सासूबाईंनी घाईघाईत ओटी भरली. मेहुणा दारात उभा होता.

बोचकं मांडीवर घे, असं मी म्हणालो. "मागं बांधा," ती म्हणाली. मागं बांधलं. मग ती बसली. उजवा हात दांडीला, डावा तसाच मांडीवर, मोकळा. रस्ता खडीचा होता, गाडी उडत होती. तिनं कॅरिअर धरलं नाही. वाटेत मी विचारलं, त्रास होतोय का. मागं वळून मात्र बघितलं नाही.

घरी उतरली तेव्हा तिच्या उजव्या तळहातावर वाळूचे बारीक लाल ठिपके उमटले होते. तिनं हात पदराला पुसला आणि चूल पेटवायला आत गेली.