उघड्या टपाची गाडी सांडोरला

कल्याणहून सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी निघालो. सांडोर अठ्ठेचाळीस किलोमीटर. आमच्या गाडीचा मीटर मैलांत चालतो, म्हणजे त्याच्या लेखी तीस. ब्रिटिश बनावटीची, दोन माणसांची, टप मागे दुमडता येणारी ही गाडी माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. अकरा वर्षांपूर्वी एका गोठ्यात सापडली. पत्रान् पत्रा सुटा करून मी ती उभी केली आणि पुढे थोडी सुधारलीही: डिस्क ब्रेक, पाच गिअरांची पेटी, हलका क्लच, नव्या सीटा.

आता ती विकायची होती. आमची इमारत पुनर्विकासाला जाते आहे, महिनाअखेर घर रिकामं करायचं. भाड्याच्या घराला आडोशाची पार्किंग नाही आणि एक पावसाळा उघड्यावर काढला तर पत्रा पुन्हा सडणार. आधीची तीन गिऱ्हाइकं माझी यादी वाचून परत गेली होती. यादी म्हणजे केलेल्या एकेचाळीस बदलांची आणि शिल्लक राहिलेल्या खोडींची. ती न दाखवता गाडी विकणं मला जमत नाही.

बायको, नीलिमा, नेहमीप्रमाणे डावीकडे बसली होती, डोक्याला ओढणी घट्ट बांधून. गाडी इतकी बसकी की भिवंडीत ट्रकांची चाकं कानाशी फिरत होती. कामणच्या पुढे डोंगरावर झाडी लागली आणि गारवा वाढला.

सातिवलीला तापमानाचा काटा चढू लागला. एका गाळ्यासमोर थांबलो. पंख्याचा फ्यूज गेला होता. तो बदलेपर्यंत गाळ्यातला एक कामगार चहाचा ग्लास घेऊन गाडीभोवती फिरला.

"काका, शूटिंगची आहे काय? किती देते?"

"लिटरला अकरा. गर्दीत नऊ."

"मग बाइक बरी," असं म्हणून तो आत गेला. फ्यूज बदलायला मला चार मिनिटं लागली.

सांडोरला रस्ता केळीच्या वाड्यांमधून (विहिरीच्या पाण्यावरच्या बागा) जातो. दोन्हीकडून पानं आत झुकलेली, वर आकाशाची अरुंद पट्टी. उघड्या गाडीतून ते सगळं डोक्यावरून सरकत होतं. गिऱ्हाईक प्रकाशराव वाडीच्या तोंडाशीच उभे होते. जुनं शेतकरी घर. आता बागेच्या जोडीला टेम्पोचा धंदा. फोनवर त्यांनी यादीतली प्रत्येक ओळ विचारली होती आणि कशालाच हरकत घेतली नव्हती.

"गाडी कुठं पळून जात नाय. बसा, आधी पानी घ्या," ते म्हणाले.

पाण्यासोबत सुकेळी (उन्हात वाळवलेली राजेळी केळी) आली. मधासारखी गोड, चिवट. मी दोन खाल्ली, नीलिमाने चार. मग प्रकाशराव गाडीत बसायला गेले आणि माझ्या लक्षात आलं की मी गाडीचं सगळं मोजलं होतं, गिऱ्हाइकाची उंची सोडून. मी पाच फूट तीन इंच. मला बॉनेट दिसावं म्हणून नवी सीट दीड इंच उंच बसवलेली. प्रकाशराव सहा फूट दोन. त्यांचे गुडघे स्टिअरिंगला अडले आणि नजर काचेच्या वरून गेली. जुनी सीट मी अजून ठेवली आहे, पण ती घालूनही गुडघे अडणारच होते. मी तसं सांगून टाकलं. चौथं गिऱ्हाईकही गेलं, असं मनात धरलं.

ओट्यावर त्यांची आई केळीच्या खांबाची सोपटं (सालपटं) सोलत होती. ती म्हणाली, "उतर रे. गाडीत बसलास का गाडी अंगात घातलीस? कोनी बघितलं तर हसतील."

त्यांची बायको सुजाताताई पतपेढीत नोकरीला. तोवर त्या फक्त यादी वाचत होत्या. त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये टाकला, नवऱ्याला उतरवलं, आरसा नीट केला आणि गाडी वाडीच्या वळणातून अशी काढली की एका पानालाही धक्का लागला नाही. परत आल्या तेव्हा प्रकाशराव दाराशी घुटमळत होते.

"डावीकडं बसा," त्या म्हणाल्या. "आणि वळणं सांगू नका तेवढं."

व्यवहार ठरला. मी नाव बदलण्याचे फॉर्म प्रकाशरावांच्या नावाने भरून आणले होते. ते फाडून सुजाताताईंच्या नावाने नवे भरले, सह्या केल्या, किल्ली दिली. तेव्हा नीलिमा पुढे झाली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

"मी एक फेरी मारून येऊ? आता तुमची गाडी आहे, म्हणून तुम्हाला विचारते."

घरची रोजची गाडी नीलिमाच चालवते. तरी माझ्या ओठांवर आलं की हिचा क्लच जड आहे. जड नव्हता. मीच बदलला होता. ती एकटी गेली, आणि परत येईपर्यंत मी प्रकाशरावांशी केळीच्या भावावर बोललो. काय बोललो ते आठवत नाही.

परतीला वसईहून एसटी मिळाली. चिंचोटी मागे पडल्यावर नीलिमा म्हणाली, "दुसरा गिअर टाकताना क्षणभर थांबावं लागतं. नाहीतर दाते घासतात."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"आधी चालवली कुठं होती?"

ही खोड यादीत नव्हती, म्हणून तिथूनच सुजाताताईंना फोन लावला. त्यांना ती पहिल्याच वळणाला जाणवली होती. मला ठाऊक असेल आणि लिहायची राहिली असेल, असं त्यांना वाटलं होतं. राहील तशीच, आम्ही सांभाळून घेऊ, असं त्या म्हणाल्या. मला खरोखर ठाऊक नव्हती. माझा हात इतकी वर्षं नकळत थांबत आला होता आणि दुसऱ्या कुणाचा हात तिथे लागलाच नव्हता.

आम्ही दोघं या गाडीतून बावीस हजार किलोमीटर फिरलो, असं मी सगळ्यांना सांगत आलो आहे. आकडा बरोबर आहे. त्यातले सव्वातीन किलोमीटर नीलिमाने चालवले, आणि तेही गाडी दुसऱ्याची झाल्यावर.